जायफळाचे अठरा वेढे

अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्ल्यांमध्ये गेल्या तीस वर्षांत जन्मलेलं मूल वकिलाचं असो, मास्तरचं असो की किराणावाल्याचं, आईबापाच्या खालोखाल त्याने कोणाचा चेहरा पाहिला असेल तर पंचफुलाबाईंचा. आणि पाहून भोकाड पसरलं असेल. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, नडग्यांवर मूल घ्यायचं, तेलाने रगडून वरून कढत पाण्याचे तांबे सोडायचे. मग धुरी, मग गुटी, मग झोप. गल्लीतून मोटारसायकली उडवत जाणारे कितीतरी मिशीवाले बाप्ये पंचफुलाबाई दिसल्या की आपोआप हळू होतात. आपलं नाक या बाईने ओढून सरळ केलंय, हे त्यांच्या आयांनी त्यांना सांगून ठेवलेलं असतं.

"रडतं लेकरू माह्या हातात द्या न घड्याळ पाहा," असं त्या म्हणत. अर्ध्या तासाच्या आत लेकरू झोपलेलं असे आणि बाळंतिणीची सासू पंचफुलाबाईंसाठी चहात आलं किसत असे.

ही कीर्ती सगळ्या घरांनी मानली होती. मानली नव्हती ती एकाच घराने, आणि ते घर पंचफुलाबाईंच्या पोटच्या पोरीचं होतं.

प्रियदर्शनी अकोल्याला फार्मसी कॉलेजात शिकवते. तिला सातवा महिना लागला तेव्हा तिने फोनवर आईला सांगून टाकलं, की बाळंतपणाला तुझ्याकडे येईन की इथेच राहीन ते अजून ठरलं नाही. आलेच तर गुटी नाही, धुरी नाही आणि नाकात तेल तर मुळीच नाही. पंचफुलाबाईंनी फोन पालथा ठेवला आणि अर्धा तास ज्वारीचं पीठ चाळत बसल्या. चाळून झालेलं पीठ पुन्हा चाळलं. जानराव, म्हणजे त्यांचे यजमान, वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी दारातूनच अंदाज घेतला आणि आत न येता चपला घालून कट्ट्यावर गेले. भार जास्त झाला की लाइनला हात लावायचा नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम संसारातही लागू होता.

तीनशे लेकरं ज्या पायांवर न्हाली, त्या पायांवर आपलं नातवंड येणार की नाही? पंचफुलाबाईंच्या डोक्यात एवढा एकच किडा, आणि तो रात्रंदिवस कुरतडत होता.

अशात भिंगरी आली.

जावई धर्मेंद्र याने दीड वर्षापूर्वी एका मित्राकडे कुत्र्याच्या पिल्लासाठी नंबर लावून ठेवला होता. मिनिएचर पिन्शर नावाची जात. दिसायला हरणासारखी, आकाराने मुंगसाएवढी आणि चपळाईने दोघांच्याही वर. नंबर लागला तो नेमका बायकोला पाचवा महिना असताना. पिल्लू दोन महिने अकोल्यात राहिलं, आणि एका संध्याकाळी सोफ्यावरून उडी मारून थेट प्रियदर्शनीच्या पोटावर उतरलं. डॉक्टरीणबाईंनी धर्मेंद्रला जे ऐकवलं ते त्याने कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी तो टोपलीत पिल्लू घेऊन अमरावतीला हजर झाला.

"चौदा एप्रिलला जयंतीसाठी येतो आम्ही," प्रियदर्शनी फोनवर म्हणाली. "तोवर ती थोडी वळणावर आली तर बरं होईल, आई."

लेक सहज बोलली होती. पण आयांना लेकीच्या मनात नसतं तेवढंच नेमकं ऐकू येतं. ही परीक्षा आहे, असं पंचफुलाबाईंनी धरलं. पिल्लू शांत झालं तर नातवंड मिळणार. बसला हिशोब, आणि बसला तो कायमचा.

प्रियदर्शनीने पिल्लाचं नाव काहीतरी परदेशी ठेवलं होतं. जानरावांनी पहिल्या पाच मिनिटांत ते रद्द करून भिंगरी ठेवलं. ती सकाळी साडेपाचला उठे आणि दिवाणाखालून स्वयंपाकघर, तिथून न्हाणी, न्हाणीतून पुन्हा दिवाण अशा फेऱ्या सुरू करी. कुकरची शिट्टी झाली की कुकरवर भुंके. कूलरच्या ओल्या गवतात तोंड खुपसून पाणी पिई. पौर्णिमेच्या वंदनेला आणलेल्या मेणबत्त्यांचा पुडा तिने बुद्धमूर्तीसमोरच बसून चावला, आणि वर शहाण्यासारखं तोंड करून पाहत राहिली. जानराव म्हणाले, "इच्यात डायरेक्ट फेज आलेला हाय. न्यूट्रल द्यायचं इसरले लेकाचे."

पंचफुलाबाईंना हसू आलं नाही. त्यांनी पाट मांडला.

खोटं कशाला सांगा, कुत्र्याला पायावर घेऊन न्हाऊ घालणारी बाई गल्लीने आजवर पाहिली नव्हती, त्यामुळे कुंपणावर माणसं जमली होती. तेल लावेपर्यंत भिंगरी गप्प होती. पहिला तांबा अंगावर पडला आणि ती पायांवरून जी सटकली, ती तेलकट अंगाने जिना चढून गच्चीवर, गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर. तिथे विमलताईंनी पांढऱ्या धोतरावर कुरडया वाळत घातल्या होत्या. भिंगरीने त्यांच्यावरून तीन चकरा मारल्या. चौथी मारताना एक कुरडई तोंडात धरली.

विमलताई म्हणजे कमलाकांत वकिलांच्या सौ. त्यांची लेक श्रावणी बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि चाळीस दिवसांची नात जुईली रोज सकाळी पंचफुलाबाईंच्याच पायांवर न्हात होती. बाई तशा मायाळू, पण कुरडयांचा चीक तीन दिवस गहू भिजवून काढावा लागतो.

"फुलाबाई," त्या गच्चीच्या कठड्यावरून शांतपणे म्हणाल्या, "माझ्या नातीला झोपवता, साऱ्या राजापेठेला झोपवता, आणि हे उंदराएवढं कुत्रं तुमच्याच्याने झोपत नाही का हो?"

कुंपणावरचे हसले. पंचफुलाबाईंनी तांबा पालथा घातला आणि आत निघून गेल्या. विमलताई विसरल्या, गल्ली विसरली. पण ते वाक्य पंचफुलाबाईंच्या कानात बसलं ते उठेना.

गुटीचा लाकडी डबा त्यांच्या सासूचा. त्यात हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, हिरडा, खारीक, बदाम आणि जायफळ. सहाणेवर दुधाचे चार थेंब टाकायचे आणि एकेक जिन्नस गोल फिरवून उगाळायचा. एका फेरीला एक वेढा. जायफळ झोपेचं. तान्ह्याला दोन वेढे, वर्षाच्या पोराला चार. डॉक्टर लोक औषध वजनावर मोजतात, पंचफुलाबाई रडण्यावर मोजत. जितकं रडणं, तितके वेढे.

भिंगरीला पहिल्या दिवशी दोन दिले. ती दूध पिऊन ढेकर दिल्यासारखी थांबली आणि पुन्हा पळाली. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी सहा. काही नाही. जयंतीला चार दिवस उरले. त्या सकाळी भिंगरीने जानरावांची निळी टोपी फाडली. ते तोंड फिरवून विहाराकडे गेले, कारण रोषणाईचं काम दरवर्षी त्यांच्याकडेच असतं. पंचफुलाबाई जुईलीला न्हाऊ घालून, तिचे दोन वेढे देऊन घरी आल्या आणि सहाण पुन्हा पुढ्यात ओढली.

आठ वेढे झाले. मनात म्हणाल्या, ही काही लेकराची जात नाही. बारा झाले. भिंगरी पदर ओढत होती. पंधरा, सोळा. अठराव्या वेढ्याला हात दुखला म्हणून थांबल्या. गूळ घातला, दुधात कालवलं. भिंगरीने वाटी चाटूनपुसून लख्ख केली.

अकरा वाजता भिंगरी झोपली.

जिच्या डोळ्याला कधी डोळा लागला नाही ती कडाप्प्याच्या फरशीवर चारी पाय लांब करून निपचित. कुकरची शिट्टी झाली, नुसता कान हलला. पंचफुलाबाईंनी विमलताईंना मुद्दाम हाक मारून बोलावलं आणि दारातून दाखवलं. विमलताई म्हणाल्या, "धन्य आहे बाई तुमची." मग पंचफुलाबाईंनी फोटो काढला आणि लेकीला पाठवला. खाली एकच शब्द लिहिला, झोपली. तिकडून अंगठा आला. त्या अंगठ्याकडे पाहत त्यांनी दोन भाकरी जास्तच थापल्या.

साडेबाराला त्या भाकरीचा तुकडा घेऊन तिच्यापाशी बसल्या. भिंगरी जागी होती, पण ती जाग नव्हती. डोळे सताड उघडे, बुबुळं काळी आणि मोठी, भिंतीवर काहीतरी चढत असल्यासारखी नजर वर जात होती. मध्येच ती हवेत चावत होती, आणि तिथे काहीच नव्हतं. पंचफुलाबाईंनी तिला उभं केलं तर मागचे पाय कापसासारखे. छातीवर हात ठेवला. आत धडधड कसली, शिवणयंत्र चालू होतं.

तीनशे लेकरांच्या छातीवर ठेवलेला तो हात. त्याला काय झालं ते लगेच कळलं. डोक्याला मात्र कळून घ्यायचं नव्हतं.

जानरावांना सहा वेळा फोन लावला. ते शिडीवर असणार, आणि फोन खाली खुर्चीवर ठेवलेल्या सदऱ्याच्या खिशात वाजत असणार. रिक्षाने जायचं तर चौकापर्यंत जावं लागेल. भिंगरीच्या जबड्याला झटका आला, मग मानेला. पंचफुलाबाईंनी बाळ गुंडाळायच्या दुपट्यात तिला गुंडाळलं आणि वकिलांच्या दारावर थाप मारली.

कमलाकांत वकील नुकतेच जेवून आडवे झाले होते. काय झालं हे न विचारता त्यांनी बनियनवर शर्ट चढवला आणि स्कूटर काढली, हा त्यांचा मोठेपणा. पण स्कूटर त्यांनी आयुष्यात कधी वीसच्या वर चालवली नव्हती, आणि त्या दुपारीही चालवली नाही. राजापेठेच्या चौकात ट्यूशन सुटलेली, पोरापोरींच्या गाड्या चारी बाजूंनी घुसत होत्या. वकीलसाहेब प्रत्येकाला हाताने वाट देत होते. मागे पंचफुलाबाई, छातीशी दुपटं, आणि दुपट्यात दर मिनिटाला एक झटका. त्या मोजत होत्या. मोजल्याशिवाय त्यांना राहवतच नसे.

"काही खाल्लं असेल हो," वकील मान न वळवता म्हणाले. "कुत्र्याचं पिल्लू आहे. डॉक्टर विचारतील तेवढंच सांगायचं. पस्तीस वर्षं अशिलांना हेच सांगत आलो. स्वतःहून जास्त बोललं की माणूस अडकतो."

वकीलसाहेबांना जायफळाचं काही माहीत नव्हतं. पण बुडत्याला काडी मिळावी तसं ते वाक्य पंचफुलाबाईंनी घट्ट धरलं. विचारतील तेवढंच.

बडनेरा रोडला मनोज डॉक्टरांचा दवाखाना. शटर अर्धं खाली आलं होतं, डॉक्टर डबा उघडून बसले होते. हा माणूस तेल्हाऱ्याचा, बैलांमध्ये वाढलेला, आता शहरात आल्यावर दीड किलोची कुत्री तपासतो. त्यांनी डबा बाजूला सारला, भिंगरीला टेबलावर घेतलं, डोळ्यात बॅटरी मारली, हिरडी दाबून पाहिली, छातीला नळी लावली आणि चेहरा गंभीर केला.

"उंदराचं औषध होतं का घरात?"

"नाई."

"फवारणीचं? ढेकणाचं?"

"नाई."

"चॉकलेट, माणसाची गोळी वगैरे काही?"

"नाई."

सगळं खरं होतं. वकीलसाहेब मागे भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या मते साक्ष उत्तम चालली होती. पंचफुलाबाईंच्या पाठीवरून घाम पदरात उतरत होता.

लसीचं पुस्तक कुठे आहे, डॉक्टरांनी विचारलं. ते अकोल्याला. सगळ्या लसी झाल्यात का? माहीत नाही. तेवढ्यात भिंगरीचा जबडा पुन्हा कडकड वाजला, च्युइंगम चघळावं तसा. डॉक्टरांनी तो पाहिला, नळी गळ्यातून काढली आणि आवाज खाली आणला.

"मावशी, हे असं चावणं डिस्टेंपर नावाच्या रोगात असते. मेंदूत गेला की मग आपल्या हातात फार काही राहत नाही. लस झाली नसेल तर तेच समजा. मी झटक्याचं इंजेक्शन देतो, घरी न्या. संध्याकाळपर्यंत काढेल, किंवा काढणारही नाही. जास्त त्रास व्हायला लागला तर पुन्हा आणा, मग तिला त्यातून सोडवण्याचं बघू."

म्हणजे पुढचा रस्ता मोकळा झाला होता. रोग आला, पिल्लू गेलं. लेक रडेल, दोन दिवसांनी गप्प होईल. कोणी काही विचारणार नाही. जयंतीला येईल, आईच्या हाताकडे पाहील आणि तिला तोच हात दिसेल. नातवंड पायांवर येईल. पंचफुलाबाईंना हे सगळं एका श्वासात दिसलं, आणि दुसऱ्या श्वासात टेबलावरची भिंगरी दिसली. झटका थांबला की ती जीभ बाहेर काढून त्यांचा अंगठा चाटायचा प्रयत्न करत होती. जीभ कोरडी होती.

"डाक्टर," त्या म्हणाल्या, "थांबा. मी तिले जायफळ देल्लं."

मनोज डॉक्टरांचा हात सिरिंजवर थांबला. "किती?"

"अठरा वेढे."

"वेढे म्हणजे किती ग्रॅम?"

हा प्रश्न पंचफुलाबाईंना उभ्या जन्मात कोणी विचारला नव्हता. त्यांनी बोटाचं पेर धरून दाखवलं, एवढं होतं आणि एवढं राहिलं. डॉक्टरांनी भिंगरीला काट्यावर ठेवलं. एक किलो सातशे. मग त्यांनी पंचफुलाबाईंकडे पाहिलं ते रागाने नाही, हिशोब लागल्यावर माणूस पाहतो तसं.

"मघापासून तीन वेळा विचारून राहिलो मी."

"तुमी जायफळाचं नाव घेतलंच नाई," त्या म्हणाल्या.

डॉक्टर कामाला लागले. कंपाउंडरीण शकुनला हाक मारून सलाइन लावायला घेतलं, कोळशाची पूड पाण्यात कालवून आणायला सांगितलं, खिडकीचा पडदा ओढला. जायफळाचा अंमल आहे, विष चढलंय, पण डिस्टेंपर नाही आणि हे उतरू शकतं, असं ते हात चालवता चालवता म्हणाले. किती वाजता दिलं? आठला. मग आधीच्या दिवशी? सहा वेढे. त्याच्या आधी? चार. साचत गेलं, म्हणाले.

या सगळ्यात भिंतीला टेकलेले वकीलसाहेब पांढरे पडत चालले होते हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

"पंचफुलाबाई," ते म्हणाले, "जुईलीला..."

"दोन," त्या म्हणाल्या. "आज सकाळी."

कमलाकांत वकिलांनी आयुष्यभर आवाज चढवला नव्हता, कोर्टातसुद्धा नाही. त्यांनी घरी फोन लावला, तो स्पीकरवर पडला तरी त्यांना कळलं नाही. जुईली काय करते, विचारलं. विमलताई म्हणाल्या, झोपली आहे, आत्ता डोळा लागलाय. उठव तिला. अहो, श्रावणीचाही आत्ताच... "उठव म्हणतो ना."

मग फोनमधून चपलांचा आवाज, दाराचा आवाज, कोणीतरी काय झालं विचारतंय, आणि नंतर काहीच नाही. शकुन सुई धरून तशीच उभी राहिली. डॉक्टरांचेही हात थांबले. पंचफुलाबाईंनी टेबलाची कड धरली. चाळीस दिवसांचं लेकरू, साडेचार किलोचं. दोन वेढे म्हणजे किती ग्रॅम, हे त्यांना अजूनही सांगता आलं नसतं.

आणि जुईलीने भोकाड पसरलं. असं पसरलं की फोन थरथरला. लेकराचं रडणं थांबवण्यात जन्म घालवलेली ती बाई खुर्चीवर बसली आणि पदरात तोंड घालून ते रडणं ऐकत राहिली. मनोज डॉक्टर म्हणाले, "लेकराच्या बाबतीत बोलणारा मी कोण, मी जनावरांचा डॉक्टर. पण मावशी, माझी पोरगी असती तर मी दिलं नसतं." एवढंच. वकीलसाहेब घरी निघून गेले. जाताना शटरखालून वाकले तेव्हा पंचफुलाबाईंना त्यांची पाठ दिसली, आणि ती त्यांना बोलण्यापेक्षा जड गेली.

दीड वाजला, दोन वाजले. भिंगरीची छाती अजून पळतच होती. चार वाजेपर्यंत सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. बाकावर बसून पंचफुलाबाईंनी लेकीला फोन लावला. जानराव तोवर शिडीवरून उतरून धावत आले होते. ते म्हणाले, आत्ताच कशाला सांगतेस, ती दोन जिवांची आहे, आधी पिल्लाचं काय होते ते तर पाहू. पंचफुलाबाईंनी ऐकलं नाही. पिल्लू जगल्यावर सांगायचं तर त्यात काय सांगितलं, असं त्यांना वाटलं असावं.

त्यांनी सगळं सांगितलं, सहाणेपासून स्कूटरपर्यंत. पलीकडे लेक मास्तरीण होऊन ऐकत होती. रडली नाही, ओरडली नाही. दोनच प्रश्न विचारले. पहिला, किती वेढे. दुसऱ्याला जरा वेळ लागला.

"आई, मला देत होतीस?"

"चार," पंचफुलाबाई म्हणाल्या. मग जानरावांकडे पाहिलं, आणि त्यांनाही हे आज पहिल्यांदा कळणार होतं. "एकदा सहा. तू लय रडून राहिली होती, अन् तुहे बाबा तिकडे नांदगाव खंडेश्वरले पोलवर. सकाळी झोपली तू, ते दिवे लागले तरी उठली नाई. मी तुह्या तोंडापाशी आरसा धरून बसली. आरशावर वाफ दिसे, मंग जाय, मंग दिसे. उठली तू मंग. न मी साऱ्याईले सांगतलं, पोरगी लय गुणाची."

"हे कोणाला माहीत आहे?"

"आत्ता तुले. न तुह्या बाबाले."

फोन बंद झाला. लेकीने ठेवला की नेटवर्क गेलं ते कळायला मार्ग नव्हता आणि पुन्हा लावायची हिंमत नव्हती. जानराव बाकावर शेजारी बसले. जन्मभर त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर विजेचा एक विनोद तयार असे. त्या दिवशी नव्हता. त्यांनी नुसतं पाण्याचं पाऊच दाताने फाडून बायकोच्या हातात दिलं.

चारला भिंगरीची छाती जरा सावरली. पाचला तिने पाणी चाटलं. सहाला मनोज डॉक्टर सलाइन काढायला गेले, तेव्हा तिने त्यांच्या बोटाचा कडकडून चावा घेतला. डॉक्टर रक्त पुसत म्हणाले, "न्या आता घरी." मग शटरपर्यंत सोडायला आले आणि समजावून सांगितलं, की ही झोपवायची जात नाही, दमवायची आहे. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास फिरवा, चावायला काहीतरी द्या, बस म्हटलं की बसायला शिकवा. ती झोपायची तेव्हा झोपेल. गुटीचं काम फिरण्याने करायचं.

दुसऱ्या दिवसापासून जानराव पहाटे साडेपाचला तिला घेऊन लाइन तपासायला निघावं तसे निघू लागले, एकेका खांबापाशी थांबत. भिंगरीला खांब पसंत पडले.

पंचफुलाबाई वेगळ्याच फेरीवर निघाल्या. त्यांच्याकडे त्या महिन्यात सहा घरं होती. सहाही घरी जाऊन त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, की जायफळ देत होती, आता देत नाही, आणि काय झालं म्हणून देत नाही. कोणाला वाटेल गल्लीने त्यांची पाठ थोपटली. गल्ली तशी नसते. दोन घरांनी दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की आता आमचं आम्ही बघू. एका सासूने उलट विचारलं, "मग झोपवायचं कसं हो आता?" आणि रागावली. वकिलांच्या घरी विमलताईंनी दारातच उभं ठेवलं. आतून श्रावणी आली. जुईलीला खांद्यावर घेऊन ती म्हणाली, उद्यापासून मी शेजारी बसेन, तुम्ही फक्त अंघोळ घाला. डबा आणू नका. वकीलसाहेब वर्तमानपत्राआड होते. त्यांनी ते खाली केलं नाही.

अकोल्याहून फोन मात्र नव्हता. तीन दिवस नव्हता. जयंतीला येणार की नाही हेही कळलं नाही, आणि पंचफुलाबाईंनी विचारलं नाही. विचारण्याचा हक्क सहाणेवर उगाळून संपला, असं त्या धरून चालल्या होत्या.

चौदा तारखेला सकाळी अकराला धर्मेंद्रची गाडी गल्लीत शिरली. निळ्या झेंड्यांमधून वाट काढत ती दाराशी थांबली आणि प्रियदर्शनी हाताने कंबर धरत उतरली. ती आईकडे गेली नाही. आधी भिंगरीकडे गेली. धर्मेंद्रने पिल्लू वर उचलून धरलं, आणि तिने त्याचे डोळे, हिरड्या, छाती सगळं पाहिलं. डॉक्टरचा कागद मागवून वाचला. मग जेवली. जेवताना रस्त्याचं, उन्हाचं, रोषणाईचं बोलली. जानरावांनी भीतभीत सांगितलं की यंदा कमानीवर अडीचशे दिवे आहेत, तर ती हसलीसुद्धा. पंचफुलाबाई वाढत होत्या. दर वाढणीला त्यांना वाटे, आता बोलेल. बोलली नाही.

ताटं उचलल्यावर प्रियदर्शनी दिवाणावर भिंतीला टेकली आणि गुटीचा डबा मागितला. पंचफुलाबाईंनी तो पुढ्यात ठेवला. तिने एकेक जिन्नस उचलून पाहिला, वास घेतला, परत ठेवला. जायफळाचा कप्पा रिकामा होता.

"टाकलं मी," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"माहीत आहे. वकीलकाकूंनी सांगितलं." तिने झाकण लावलं. "पण बाकीचंही नको, आई. काहीच नको पोटात."

"बरं."

बाहेर ढोल सुरू झाले होते. भिंगरी दिवाणाखाली काहीतरी फाडत होती, आणि तिला थांबवायला कोणी उठलं नाही. प्रियदर्शनीने थोड्या वेळाने विचारलं, "पाणी किती कढत घेतेस?"

पंचफुलाबाईंना प्रश्न कळायला एक क्षण लागला. मग त्या हळूहळू सांगू लागल्या, की हाताने नाही पाहत, हाताला घट्टे पडलेले असतात, कोपर बुडवून पाहते. तेल? तिळाचं, आणि तेही आधी आपल्या मनगटावर. डोक्यावरून पाणी कधी? टाळू भरेपर्यंत नाही, नुसता ओला हात. मान कशी धरतेस? त्यांनी शेजारची उशी ओढली, पाय लांब केले आणि धरून दाखवलं. लेकीने तो हात नीट पाहिला, बोटं कुठे आहेत, अंगठा कुठे. दोन ठिकाणी अजून हळू, म्हणाली. पंचफुलाबाईंनी अजून हळू धरलं. तीस वर्षांत त्यांचा हात कोणी तपासला नव्हता.

"डॉक्टरांनी सत्तावीस तारखेपर्यंत प्रवास करू दिलाय," प्रियदर्शनी म्हणाली. "सव्वीसला येते मी. राहायला. मी शेजारी बसले असेन तेव्हाच पाट मांडायचा."

जानरावांनी दारातून जावयाकडे पाहिलं, जावयाने छताकडे. पंचफुलाबाई उशीवरचा हात काढायला विसरल्या होत्या. मग त्या म्हणाल्या,

"अन् धुरी?"

"आई."

"नाई, मी फक्त इचारून राहिली."